अकराव्याला झेपेल असं

लाखांदूर रोडवरच्या धान उपकेंद्रात
बियाण्याच्या जुन्या गोदामात बारा मशीन.
सात नागपुरातल्या बँकेनं टाकून दिलेली,
चार विद्यापीठाची,
आणि अकरा नंबरचं कुठून आलं
हे स्टॉक रजिस्टरलाही ठाऊक नाही.
सगळ्यांत मिळून डिस्क एकच,
टेंभुर्णे सर तिला कोठी म्हणतात.

ज्याला जे लागलं ते त्यानं आजवर
आपापल्या मशीनवर टाकलं.
तीनवर जुनं पायथन, सहावर नवं,
नऊवर दोन्ही, एकमेकांशी अबोला धरून.
करप्याचा अंदाज इथं एक यायचा, तिथं दुसरा
आणि मिटिंगमध्ये आम्ही म्हणायचो :
हवामान.

म्हणून मार्चातल्या एका शुक्रवारी
मी पॅकेज मॅनेजर कोठीवर उतरवला.
एकदाच, एका जागी, सगळ्यांसाठी.
रूटचा पासवर्ड माझ्याकडे नाही.
तो अकोल्याला बदलून गेलेल्या साहेबांच्या डायरीत आहे.
पण याला रूट लागत नाही,
एक फोल्डर लागतं
आणि धीर.

एक मागितलं की ते म्हणतं,
मग हेही लागेल, आणि याला ते.
लग्नाला एका काकांना बोलवावं
आणि काकांनी विचारावं,
जावयाकडच्यांना सांगितलं ना?
एकशे सदतीस नावं.
वर म्हणालं, भात नंतर,
आधी चूल थापतो :
कंपायलरच कंपाइल करायला बसलं.

पहिल्या रात्री सगळी फोडाफोड कोठीतच होऊ दिली.
लाखभर बारक्या फायली
वायरीवरून जात राहिल्या, येत राहिल्या,
दाणा दाणा उचलून पोतं भरावं तशा.
उजाडेपर्यंत अठरा.
दुसऱ्या रात्री शहाणी झाले :
कांडण आपापल्या अंगणात,
कोठीत फक्त निवडलेलं.

त्याच रात्री पौर्णिमा रहांगडालेनंही
घरून काहीतरी टाकायला घेतलं.
कुलूप होतं,
पण कोठीवरचं कुलूप
एकीचं दुसरीला दिसत नव्हतं.
दोघींचंही अर्धवट राहिलं.
छगन कोडापे रात्रपाळीला असतो,
हंगामात तलावाचं गेट तोच उघडतो.
माझा चेहरा बघून म्हणाला,
"दोघाइच्या हाती चाबी देल्ली का
पानी कोनालेच भेटत नाही, मॅडम."
मी परवानग्या बदलल्या.
वाचावं सगळ्यांनी.
लिहिणारा हात एक.

रविवारी अकरा मशीन चालली.
अकरा नंबर म्हणालं :
अवैध सूचना.
आणि गप्प.
चार नंबरच्या दमानं बांधलेलं सगळं;
त्यातले काही शब्द
या म्हाताऱ्या प्रोसेसरच्या शाळेत
शिकवलेच नव्हते.

"काढून टाका त्याले," सर फोनवर म्हणाले,
"एकानं का होते?"

यादीत त्याच्या नावावर कर्सर लुकलुकत होता.
मला दया आली असं नाही.
त्याच्यावर पौर्णिमाचं काम चालतं.
बाकीची तिला रिकामी मिळत नाहीत,
कधीच,
आणि का मिळत नाहीत
हे रजिस्टरात लिहायची सोय नाही.

सगळं पुसलं.
एक ओळ बदलली :
सगळ्यांत जुन्याला झेपेल असं बांध.
पुन्हा चूल, पुन्हा एकशे सदतीस पाहुणे,
मध्ये दोनदा लाईन गेली,
इन्व्हर्टर कण्हला,
कोडापेनं काळा चहा दिला आणि काही विचारलं नाही.

शंभर मिनिटांच्या कामाला
आता एकशे नऊ लागतात.
हे मी सरांना सांगितलेलं नाही.

बुधवारी बाराही मशीनवर
एकच आकडा उमटला,
दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत तोच.
गेल्या हंगामाच्या वहीशी ताडून पाहिला.

चुकीचा होता.

पण बारा ठिकाणी तीच चूक,
हवामानावर ढकलता न येणारी.
पौर्णिमानं खुर्ची ओढली,
अकरा नंबरचा पंखा घरघरला,
आणि आम्ही पहिल्या ओळीपासून
वाचायला बसलो.